खेप

शेतीपंपाला वीज कधी मिळणार हे शेतकऱ्याच्या हातात नसते. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत तिचे वेळापत्रक पाळीने फिरते. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ-दहा तास. रात्रपाळी लागली की डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात कानाला मफलर बांधायचा, हातात बॅटरी घ्यायची आणि दारे धरायला निघायचे. विहीर कधी वस्तीला लागून असते, कधी दोन-तीन किलोमीटर लांब ओढ्याकाठी. तिथे पोचल्यावर स्टार्टरचे हिरवे बटन दाबायचे आणि मोटर नुसतीच गप्प राहिली, तर बांधावर बसून वाट पाहायची किंवा आल्या पावली परतायचे. वाटेत साप-विंचू, जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात उसात बसलेला बिबट्या. सगळे त्या एका बटनासाठी. अशा जाण्याला आपल्याकडे खेप म्हणतात. डोक्यावर हंडा असो, मोळी असो की काहीच नसो, खेप ती खेपच. काम न होता परतलो तर ती फुकट गेलेली खेप.

शेती, वीज आणि दळणवळण या तीन विषयांची तीन खाती आहेत, तीन मंत्री आहेत, तीन वेगळ्या विद्याशाखा आहेत. विहिरीवर गेलेल्या माणसापुढे मात्र तिन्ही एकाच रात्री उभी असतात. पिकाला पाणी हवे, त्यासाठी वीज हवी, आणि वीज आली की नाही हे घरबसल्या कळायला हवे.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या वयस्क आजोबांना असे पंपापर्यंत चालताना पाहिले होते. आधी त्यांनी रेडिओलहरींवर चालणारी उपकरणे करून पाहिली. मोबाइल गावोगाव पोचू लागल्यावर त्यांनी तोच निरोप्या म्हणून वापरायचे ठरवले. त्यातून ‘नॅनो गणेश’ जन्मले. स्टार्टरच्या पेटीला जोडलेला एक छोटा संच, त्यात सिमकार्ड. शेतकरी घरून फोन लावतो, ठरलेला आकडा दाबतो, आणि पंप सुरू होतो किंवा बंद होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वीज आहे की नाही हे तो संच सांगतो. २००९ साली नोकियाने भरवलेल्या जागतिक स्पर्धेत उगवत्या बाजारपेठांच्या गटात या उपकरणाला पहिले पारितोषिक मिळाले. यात नवे विज्ञान कोणते, असे विचारले तर उत्तर ‘जवळजवळ काही नाही’ असेच द्यावे लागेल. रिले जुना, मोबाइल तयार, पंप तर आजोबांच्या काळचा. नवे होते ते मोजमाप. बाकीचे लोक पंपाची कार्यक्षमता मोजत होते, ओस्तवालांनी पंपापर्यंतची पायपीट मोजली.

त्याआधी शेतकऱ्यांनी स्वतःच एक उपाय काढला होता, त्याचे नाव ऑटो स्विच. वीज आली की पंप आपोआप सुरू. खेप वाचली, पण वीज येताच एका रोहित्रावरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू व्हायला लागले. अशा मोटरीला सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह लागतो. सगळ्यांनी एकदम घोट घेतला की दाब कोसळतो, रोहित्र तापते आणि जळते. मग नवे रोहित्र येईपर्यंत पीक उभ्याउभ्या वाळते. म्हणून ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, अशी विनवणी महावितरण वर्षानुवर्षे करत आली आहे. शेतकऱ्याला ती पटतेही, पण काढायचा तर आधी शेजाऱ्याने काढावा. एकाची वाचलेली खेप साऱ्या वस्तीच्या रोहित्रावर कशी पडते, याचे याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

मोबाइल येण्याआधी मात्र फोनसाठीच खेप घालावी लागे. १९८० च्या सुमाराला आपल्या देशात शंभर माणसांमागे एकही फोन नव्हता, आणि जे होते ते बहुतेक शहरांत. परदेशी बनावटीची मोठी यंत्रणा आणून खेड्यात बसवावी तर तिला वातानुकूलन हवे. वातानुकूलनाला अखंड वीज हवी. जिथे दिव्याला वीज नाही तिथे हे बोलणेच खुंटले. शिवाय ती यंत्रणा हजारो जोडण्यांसाठी बांधलेली, आणि गावात फोन घेणारे पन्नास.

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. ओडिशातल्या टिटलागढला जन्मलेले आणि अमेरिकेत टेलिफोन यंत्रणांच्या कामात नाव कमावलेले सॅम पित्रोदा तिच्यामागे होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एम. व्ही. पिटके आणि टेलिफोन खात्यातले जी. बी. मीमांसी त्यांच्या जोडीला होते. छत्तीस महिने आणि छत्तीस कोटी रुपये, असा करार. कामाला लागलेल्या अभियंत्यांचे सरासरी वय पंचविशीच्या आसपास. मोठ्या शहरी यंत्रणेचे काम चालूच होते, पण पहिला पक्का विजय मिळाला तो एका लहान पेटीला. १२८ पोर्टांचे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज. जुलै १९८६ मध्ये ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला सुरू झाले. राणी चन्नम्माचे कित्तूर. याच जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर घडवला होता, आणि लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकऱ्यांनी तो सुरुवातीला दारात उभा केला नव्हता.

कित्तूरच्या पेटीची करामत तिच्यात काय होते यापेक्षा काय नव्हते यात आहे. वातानुकूलन नाही. त्यासाठी प्रत्येक कार्डावर कमीत कमी वीज खाणारे सुटे भाग निवडावे लागले, आणि तापलेली हवा पंख्यावाचून वर निघून जाईल अशी जागा कार्डांच्या मधे सोडावी लागली. उष्णता, धूळ, दमट हवा आणि लहरी वीज ही जणू मागणीपत्रातलीच कलमे होती. दुरुस्तीचाही विचार तसाच. तालुक्याहून तंत्रज्ञ यायला दोन दिवस लागणार, आणि आला तरी तो सोल्डरिंग करत बसणार नाही. म्हणून कोणते कार्ड बिघडले हे यंत्रणेने स्वतः सांगायचे, माणसाने ते ओढून काढायचे आणि दुसरे सरकवायचे. बिघडलेले कार्ड मागाहून शहरात. इथेही हिशेब खेपेचाच, फक्त चालणारा पाय तंत्रज्ञाचा.

पित्रोदांनी पुढे लिहिले की असे एक्स्चेंज बसलेल्या एका गावात बँकेतल्या ठेवी ८० टक्क्यांनी वाढल्या. फोनमुळेच वाढल्या, असे मी छातीठोक म्हणणार नाही. ज्या गावाला पहिला फोन मिळतो ते गाव मुळातच थोडे चलाख असते. पण कांद्याचा भाव विचारायला बाजारपेठेत जावे लागत नाही, ट्रकवर गेलेल्या नवऱ्याचा निरोप संध्याकाळी कळतो, यांची किंमत ठेवींच्या आकड्यात मावत नाही. पुढे एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक देशभर लागले, ते ज्या मोठ्या यंत्रणांवर चालले त्यांतल्या पुष्कळ याच घराण्यातल्या.

मद्रास आयआयटीत अशोक झुनझुनवाला यांनी नव्वदीच्या दशकात याच्या पुढचा हिशेब मांडला. एक जोडणी द्यायला चाळीस हजारांच्या घरात खर्च येत असेल तर देशातल्या मूठभर कुटुंबांनाच फोन परवडेल. तोच दहा हजारांवर आणला तर निम्म्या कुटुंबांपर्यंत जाता येईल. जमिनीखालची तांब्याची तार हा त्यातला मोठा खर्च, म्हणून तारच काढून टाकली. त्यातून ‘कॉरडेक्ट’ ही बिनतारी जोडणी निघाली. तिच्यावर बोलताबोलता इंटरनेटही चाले, गावोगावी त्याच्या टपऱ्या निघाल्या. मग मोबाइल इतका स्वस्त झाला की ती मागे पडली. याला मी अपयश म्हणत नाही. ‘आपल्याकडच्या माणसाला किती परवडेल’ हा प्रश्न तिने आधी विचारला आणि यंत्र नंतर बांधले. तो प्रश्न टिकला.

फोनची गोष्ट इथवर. आता रानातूनच इंधन काढू पाहणाऱ्यांकडे, साताऱ्यातल्या फलटणला जाऊ.

बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. साहित्यप्रेमी वाचकांसाठी सांगायचे तर त्यांच्या पत्नी जाई निंबकर म्हणजे इंग्रजीत कादंबऱ्या लिहिणाऱ्या, इरावती कर्व्यांच्या कन्या. याच कुटुंबातला आणखी एक माणूस या प्रकरणात पुढे येणार आहे. १९८१ मध्ये अनिल राजवंशी अमेरिकेतून फलटणला आले. कानपूर आयआयटीत शिकलेले, फ्लोरिडा विद्यापीठात सौरऊर्जेवर काम केलेले. निंबकरांच्या कन्या नंदिनी त्यांच्या पत्नी. २०२२ मध्ये राजवंशींना पद्मश्री मिळाली. चाळीस वर्षे एका तालुक्याच्या गावी राहून संशोधन करणारा अभियंता आपल्याकडे दुर्मीळच.

संस्थेकडे गोड ज्वारी होती. लहानपणी ज्याने ज्वारीचे हिरवे ताट दाताने सोलून चघळले असेल त्याला तिचे कौतुक वेगळे सांगायला नको. या ज्वारीच्या ताटात उसासारखा रस असतो. अमेरिकेतल्या गोड वाणांचा देशी धान्याच्या ज्वारीशी संकर करून निंबकरांच्या संस्थेने असे पीक तयार केले की कणसातून भाकरीचे धान्य, ताटातून रस आणि उरलेल्या चिपाडातून जनावराचा चारा किंवा जळण मिळावे. ऊस वर्षभर रान अडवतो आणि पाणी पितो. ही चार महिन्यांत निघते आणि पाणीही बरेच कमी पिते.

इतके चांगले असूनही रानोरान ती का दिसत नाही? कारण रसाचा स्वभाव. त्यात साखरेसोबत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बरेच असते, त्यामुळे साखरेचे खडे नीट पडत नाहीत. काकवी होते, दारू होते, साखर होत नाही. कापणीनंतर रस लवकर आंबतो आणि पीक एकाच वेळी तयार होते, म्हणजे गाळप थोड्या दिवसांत उरकायला हवे. एवढ्या थोड्या दिवसांसाठी कारखाना कोण उभारणार? २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात इथेनॉलच्या कच्च्या मालात गोड ज्वारीचे नाव आले, पण महाराष्ट्रात इथेनॉल म्हटले की आजही डोळ्यांपुढे साखर कारखान्याची आसवनीच येते. फलटणची ज्वारीची काकवी मात्र ‘मधुरा’ नावाने बाटलीत बसली.

राजवंशींनी रस आंबवून त्याचे इथेनॉल काढायला सूर्य कामाला लावला. दारू गाळायला भट्टी लागते हे गावात कोणाला शिकवायला नको, पण भट्टीला जळण लागते, आणि इंधन करायला इंधन जाळणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. १९८० च्या दशकात संस्थेने सपाट सौरपत्र्यांवर तापवलेल्या पाण्यावर ऊर्ध्वपातन करून दाखवले. पाणी उकळायची गरज नाही, ५० ते ७० अंशांवर काम भागते.

मग हे इंधन जाळायचे कशात? संस्थेने निम्मे पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारी शेगडी बनवली. निम्मे पाणी ऐकून हसू येते, पण त्यात शहाणपण आहे. गावठी भट्टीतून निघणारी दारू तितकीच पातळ असते, ती आणखी शुद्ध करण्याचा खर्च वाचतो, आणि भडका उडण्याची भीती कमी. शिवाय ‘नूरी’ हा दाबाचा कंदील. रॉकेलवर चालणारा, जाळीदार मँटलचा, पण साध्या कंदिलाच्या कितीतरी पट उजेड देणारा, म्हणजे शंभर वॉटच्या बल्बच्या तोडीचा. पुढे उजेड आणि स्वयंपाक दोन्ही एकाच ज्योतीवर करणारा ‘लॅनस्टोव्ह’ आला. झोपडीतल्या बाईला संध्याकाळी दिवा वेगळा, चूल वेगळी असे परवडत नाही, यावर बेतलेले ते यंत्र.

शेगडीचे पुढे काय झाले ते सांगताना विनोद आणि राग एकत्र येतात. इथेनॉल म्हणजे मद्यार्क, आणि मद्यार्क म्हणजे उत्पादन शुल्क खाते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत शेतकऱ्याच्या बायकोने घरी दहा लिटर इंधन ठेवायचे म्हटले तर ते इंधन नसून दारू ठरते. आणि कायद्याचा संशयही अगदीच खोटा नाही, शेगडीतला द्रव घशात जाऊ शकतो. दृष्टी घालवणारे भेसळीचे द्रव्य त्यात घालावे तर चुलीशेजारी विष ठेवल्यासारखे. ज्योतीचे गणित प्रयोगशाळेत सुटले, परवान्याचे सुटले नाही. नूरीला तर कायद्याने नव्हे, काळाने गाठले. एलईडी आणि सौरकंदील इतक्या झपाट्याने स्वस्त झाले की दाब भरायचा, मँटल जपायचा कंदील आठवणीत गेला.

रिक्षाचीही तीच गत. सायकलरिक्षा ओढणाऱ्याचे कष्ट कमी करायला संस्थेने आधी चांगल्या गिअरची आणि हलक्या सांगाड्याची रिक्षा केली, मग बॅटरीची. मोजून-मापून, चाचण्या घेऊन. काही वर्षांनी उत्तर भारतात बॅटरी रिक्षांचा पूर आला, तो बाजाराने आणलेल्या सुट्या भागांच्या जुळवाजुळवीतून. फलटणच्या आराखड्याची कोणी वाट पाहिली नाही. संशोधकाला हे बोचत असणार. खेप मारणाऱ्याला मात्र आराखडा कुठून आला याच्याशी देणेघेणे नसते.

आता कुटुंबातला दुसरा माणूस. डॉ. आनंद कर्वे, इरावतीबाई आणि दिनकर कर्व्यांचे चिरंजीव, वनस्पतिशास्त्रज्ञ. काही काळ त्यांनी फलटणलाही काम केले. १९९६ मध्ये पुण्यात ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था त्यांनी सहकाऱ्यांसह उभी केली. त्यांनी गोबरगॅसला जो प्रश्न विचारला तो इतका साधा होता की इतकी वर्षे कोणी विचारला कसा नाही याचे नवल वाटावे. शेण म्हणजे गाईने पचवून, सत्त्व काढून टाकलेले अन्न. वायू तयार करणाऱ्या जंतूंना आपण उष्ट्यातले उष्टे का घालतो?

खादी ग्रामोद्योगाने गावोगाव नेलेल्या तरंगत्या टाकीच्या संयंत्राला चार माणसांच्या घरासाठी तीन-चार जनावरांचे शेण लागते, आणि तितकेच पाणी. ज्या घरात पाणी हंड्याने येते तिथे ही रोजची नवी खेप. कर्व्यांनी शेणाऐवजी पीठ, नासके धान्य, खरकटे, आंब्याच्या कोया, अखाद्य पेंड असे पिष्ट आणि साखर असलेले खाद्य घालून पाहिले. संस्थेचा हिशेब असा की दोन किलो अशा खाद्यातून साधारण एका दिवसात जेवढा वायू मिळतो, तेवढ्यासाठी चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस लागतात. त्यामुळे विटांची विहीर नको. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या घ्यायच्या, तोंडे कापायची, एकीत दुसरी उपडी घालायची. संयंत्र गच्चीवर, अंगणात, कुठेही. या टाकीला ब्रिटनच्या अ‍ॅशडेन संस्थेने २००६ मध्ये पुरस्कार दिला.

टाकीलाही पोट असते, हे ज्यांनी ती वापरली ते सांगतील. एखाद्या लग्नाचे उरलेले अन्न एकदम ओतले की टाकी आंबट होते, वायू बंद पडतो, मग दोन-चार दिवस उपास घालून सावरावे लागते. ज्या घरात एक माणूस रोज तिच्याकडे लक्ष देतो तिथे ती वर्षानुवर्षे चालते. जिथे मोलकरणीवर सोपवलेली असते तिथे सहा महिन्यांत टाकीची कुंडी होते. हा दोष आराखड्याचा की घराचा, यावर मी अजून ठाम झालेलो नाही.

‘आरती’ला त्याआधी, २००२ मध्ये, अ‍ॅशडेनचाच पुरस्कार मिळाला होता तो पाचटासाठी. ऊस तुटला की रानात एका हेक्टरमागे दहा टनांच्या आसपास कोरडी पाने पडून राहतात. जनावर खात नाही, खोडव्याला अडचण होते, म्हणून काडी लावायची. साखर हंगामात रात्री सातारा-कोल्हापूर रस्त्याने गेलात तर दोन्ही बाजूंना हे जाळ दिसतात. पाचट गोळा करून जळण करावे हे कोणालाही सुचेल. पण ते इतके हलके आणि फुगीर की ट्रक भरतो आणि वजन भरत नाही. डिझेलचेही पैसे निघत नाहीत. फलटणला राजवंशींच्या गटाने पाचट आणि चिपाडावर चालणारी वायुभट्टी बनवली, धातूच्या कारखान्यात ती तेलाऐवजी वापरूनही पाहिली. लाकडाच्या भट्टीत खाली सरकणारा माल इथे अडून कमान धरतो, मधे पोकळी होते, त्यासाठी भट्टीचा आतला घाटच बदलावा लागला. पण भट्टी सुधारली तरी पाचट तिच्यापर्यंत आणणे आलेच.

भौतिकशास्त्रज्ञ प्रियदर्शिनी कर्वे आणि ‘आरती’च्या सहकाऱ्यांनी उलटे केले. पाचट भट्टीकडे नेण्याऐवजी भट्टी पाचटाकडे नेली. पत्र्याची पिंपे पाचटाने ठासून भरायची, एका मोठ्या भट्टीत ठेवायची आणि बाहेरून पाचटच जाळून तापवायची. हवा न लागता आतली पाने कोळपतात, निघणारा वायू खालच्या आगीत जळतो आणि तिलाच जोर देतो. उरतो कोळशाचा चुरा, आकाराने मूळ पाचटाच्या तुलनेत नगण्य. तो खळीत किंवा शेणात मळून वड्या पाडायच्या. ‘सराई’ या कोळशावर चालणाऱ्या वाफेच्या कुकरमध्ये असा साधारण शंभर ग्रॅम कोळसा पाच माणसांचा वरण-भात-भाजी शिजवतो. एक कुटुंब, एक हंगाम, रानोरान फिरती भट्टी, असा त्यामागचा धंद्याचा विचार.

माझी एक शंका. आज कृषितज्ज्ञ सांगतात की पाचट जाळूही नका, नेऊही नका, कुट्टी करून सरीतच ठेवा, ओल टिकते आणि जमिनीत सेंद्रिय अंश वाढतो. मग कोळसा केला तर मातीचे देणे बुडाले की नाही? चुलीजवळची बाई आणि उसाखालची जमीन एकाच पाचटावर हक्क सांगत आहेत, आणि दोघींचे खरे आहे.

एवढ्यात त्या वादात तिसरा पक्ष आला. ऊसतोडणी मजूर मिळेनासे झाले तसे तोडणी यंत्र जागोजाग दिसू लागले. ते पाने तुकडे करून रानभर उडवते, पिंपात ठासायला ढीगच उरत नाही. मागून ट्रॅक्टरला जोडलेला बेलर येतो, पसरलेले पाचट गोळा करून दाबतो आणि सुतळीने आवळलेल्या घट्ट गाठी टाकत जातो. आता एका ट्रॉलीत बरेच वजन मावते. संध्याकाळी त्या गाठी रचलेल्या ट्रॉल्या कारखान्याच्या रस्त्याला लागतात, उसाच्या गाड्यांच्याच रांगेत, सहवीजनिर्मितीच्या बॉयलरकडे.